सावलीत हरवलेलं तळं

या, जरा पुढे सरका. मृदंगाला नवी कणीक लावणं चाललंय, बुवा गुळाचा चहा घेतायत. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. आख्यान पुराणातलं नाही, आपल्याच मावळातलं आहे, आणि त्यात चोरी आहे. दागिने, गुरं असलं किरकोळ काही नाही. अख्खं तळं चोरीला गेलं होतं. पाण्यासकट, आत डुंबणाऱ्या म्हशींसकट. आणि चोर इतका मोठा माणूस की त्याला हात ओले करायचीही गरज पडली नाही.

ऐका तर.

१

कामशेतवरून आत वळलं की आमचं धामणदरा लागतं. पश्चिमेला उभा डोंगर, डोंगराच्या अलीकडे पायथ्याशी तळं, तळ्याच्या काठाला ओव्हाळांची वस्ती आणि वस्तीच्याही अलीकडे आमचं गाव.

तळं कुणा राजानं बांधलेलं नाही. वस्तीच्या लोकांना गावविहिरीवर पोहरा सोडू देत नव्हते, त्या काळात वस्तीनं ते स्वतः खणलं. आमच्या आज्यापणज्यांचा तो पराक्रम. कीर्तनात मान डोलवायची आणि उजाडलं की विहिरीवर काठी घेऊन उभं राहायचं. खणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होती बयाबाई ओव्हाळ. पुढे छप्पन साली वस्ती बौद्ध झाली. मग नळ आले, नळ कोरडे पडले, तळं मात्र आटलं नाही. आता उन्हाळ्यात आमच्या गावाच्या टाकीतसुद्धा त्याच तळ्याचं पाणी चढतं आणि ते आम्ही निमूट पितो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक यादी लागली. तालुक्यातली तळी, बंधारे, धरणं. उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून मोजलेली. जे तळं यादीत आलं, त्याच्या काठापासून ठरावीक अंतरात बांधकाम नाही, कुंपण नाही. जे नाही आलं, ती सरकारदरबारी नुसती जमीन. आमच्या गावापुढे लिहिलं होतं: जलसाठा नाही.

मी ते वाचलं आणि मान वळवली. फळ्यापासून तळं सरळ दिसत होतं.

शेजारी हौशीराम उभा होता. आमचा माजी सरपंच. तळ्याच्या वरच्या अंगाची त्याची जमीन त्यानं बंगलेवाल्यांना दिलेली, आणि रस्त्यावर पाटी लावलेली की तळ्याला खेटून तुमचा बंगला. विकताना तळं होतं आणि कागदावर नव्हतं, याची त्या माणसाला काडीची लाज नव्हती. मला म्हणाला, माऊली, कंप्युटरनं सांगितलंय, आता आपण अडाण्यांनी काय बोलायचं.

मला गावात सगळे माऊली म्हणतात. बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहतो, म्हणून. अंगात तेवढा गुण आहे असं नाही, ते पुढे कळेलच.

हौशीरामाच्या बोलण्याला उत्तर दिलं ते वस्तीतल्या केरबाभाऊ ओव्हाळांनी. बेगडेवाडी स्टेशनवर बत्तीस वर्षं पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर जाणार ते ठरवणारा माणूस. त्यामुळे रिटायर झाले तरी कुठलीही गोष्ट ते वेळापत्रकात बसवून बघतात. त्यांनी खिशातून पेन काढून तिथंच हरकतीचा अर्ज लिहिला, आणि तळं यादीतून कुणी आणि का काढलं त्या नोंदीची नक्कल मागितली.

चार दिवसांनी नक्कल आली. तीन ओळी होत्या. साठा क्रमांक सत्तेचाळीस यादीतून काढला. कारण, डोंगराची सावली, पाणी नाही.

काढणाऱ्याचं नाव: तेजल ओव्हाळ.

२

तेजल म्हणजे बयाबाईची नात. वस्तीतली पहिली मुलगी जी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकली. लोणावळ्यात हे मोजणीचं काम घेतलेल्या एका खासगी ऑफिसात ती तीन वर्षं नोकरीला होती. आईबाप लहानपणी गेले. आत्यानं, म्हणजे भागुबाईनं, वाढवलं. आजीनं खणलेलं तळं नातीनं बुजवलं, असं गाव बोलायला लागलं, आणि गावाला असलं बोलताना किती गोड लागतं ते मी सांगायला नको.

ऑफिसनं तिला घरी बसवलं. आठ दिवसांनी ग्रामपंचायतीत हरकतींची सुनावणी होती. तिथं तिच्यावर शाबीत झालं की नोकरी तर जाणारच, वर फौजदारी तक्रार होणार, आणि अशा मुलीला पुन्हा कुठल्या नकाशाला हात लावू देणार नव्हते. ती एकच सांगत होती की मी नाही काढलं. नाव तुझं कसं मग, असं विचारलं की म्हणायची, ऑफिसात सगळे माझ्याच नावानं आत जातात. यावर लोक हसायचे.

त्या आठवड्यात आमच्या देवळात कीर्तन होतं. केरबाभाऊ देवाला हात जोडत नाहीत, पण मृदंग ऐकायला येतात आणि मागच्या खांबाला टेकून बसतात. कीर्तन संपता संपता तेजल त्यांना बोलवायला आली आणि पायरीपाशी उभी राहिली. मी खिरापत वाटत होतो. केरबाभाऊंच्या हातावर ठेवली. तिनंही हात पुढे केला होता.

मी पुढच्या माणसाकडे गेलो.

दोन तास बुवांच्या तोंडून दया, क्षमा, शांती ऐकून बाहेर पडलेला मी माणूस. तेजलनं हात मागे घेतला, ओढणीला पुसला. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

केरबाभाऊंनी आपली खिरापत तिच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाले, "माऊली, उद्या लोणावळ्याला चला माज्यासंगं. तुमी टाळ वाजवता, तुमाला ठेका चुकलेला कळतो. ह्यात कुटंतरी ठेका चुकलाय."

मी नाही म्हणू शकलो नाही.

३

ऑफिस एका चिक्कीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. खाली शेंगदाण्याचा आणि गुळाचा वास, वर थंड हवेचं मशीन. साहेबाचं नाव सुहास. टेबलावर तीन मोठे पडदे, तिन्ही बंद. एकावर इतकी धूळ की त्यात कुणीतरी बोटानं गणपती काढला होता. पडद्यांच्या पुढे सह्यांच्या फायली.

सुहास साहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा की खेड्यातल्या लोकांना विज्ञान समजत नाही, आणि आरक्षणातून वर आलेल्या मुलींना जबाबदारी समजत नाही. हे दुसरं वाक्य त्यांनी केरबाभाऊंकडे न बघता म्हटलं. अंगावर घासलेला शर्ट होता, बोटात पुष्कराज होता, आणि या दोन्हींच्या मधे माणूस असावा अशी जागा रिकामी होती.

केरबाभाऊंनी विचारलं, साहेब तळ्यावर येऊन गेलेत का कधी.

"मी धामणदऱ्याला कधी पाऊल ठेवलेलं नाही," साहेब म्हणाले, "आणि ठेवायची गरज नाही. आठशे किलोमीटर वरून आम्हाला तुमच्या अंगणातली चूल दिसते."

बाहेरच्या खोलीत स्वराज नावाचा तरुण बसला होता. तेजलच्या खुर्चीवर, कारण तिची जागा आता त्याला मिळाली होती. आम्हाला बघताच त्यानं घाईघाईनं मोबाईल पालथा ठेवला. माझा संशय तिथंच बसला. जागा मिळाली कुणाला? यालाच. मी केरबाभाऊंना कोपरानं ढोसलंसुद्धा.

केरबाभाऊंनी मात्र त्याला चूल दिसते का म्हणून विचारलं. स्वराज हसला. म्हणाला, कसली चूल, अख्खं घर म्हणजे चार ठिपके. मग त्यानं एक चित्र उघडून दाखवलं. आपल्या डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश असतो, तो पाणी पिऊन टाकतं, म्हणून त्या चित्रात पाणी काळं येतं. मशीन काळं शोधतं. पण डोंगराची सावलीही काळीच येते, आणि पाणी सोडलेली शेतंही. मग माणसानं एकेक ठिकाण बघून खोटं तळं हातानं काढायचं. सगळ्यात जास्त काढतो ती ओली शेतं, तो म्हणाला.

तेजलच्या नावाचं काय, यावर त्यानं साहेबांच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. ते सॉफ्टवेअर महाग. साहेबांनी एकच परवाना घेतला, तो तेजलच्या नावावर. ती सकाळी उघडायची आणि संध्याकाळपर्यंत सगळे त्यावरच काम करायचे.

"सगळे म्हणजी साहेबबी?"

"त्यांना करायचं असतं तर तेही. पण ते चित्र उघडत नाहीत. सही करतात."

केरबाभाऊंनी शेवटी एवढंच विचारलं की हे फोटो किती वाजताचे. स्वराज म्हणाला, दर पाच दिवसांनी एक, सकाळी अकराच्या आसपास, कधी चुकत नाही. पावसाळ्यात नुसते ढग दिसतात, म्हणून यादीसाठी डिसेंबरचे घेतले.

केरबाभाऊंनी डायरीत लिहिलं: ११.००. गाडीची वेळ लिहावी तसं. खाली उतरल्यावर मी म्हटलं, हाच तो, स्वराज.

ते म्हणाले, "पोरगं भ्यालंय, पण नोकरीला भ्यालंय. कुणी केलं ते आता तळ्यालाच इचारावं लागंल."

४

तळ्याला विचारण्याआधी ते हौशीरामाला विचारायला गेले. त्याच्या फार्महाऊसची गच्ची तळ्यावर उघडते. गच्चीवर बारा खुर्च्या, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या, आणि बाटल्यांवर चिक्कीची रिकामी खोकी रचलेली. खोक्यांवर ज्या दुकानाचं नाव, ते आम्ही सकाळीच बघितलं होतं. सुहास साहेबांच्या ऑफिसच्या खालचं.

मी केरबाभाऊंना डोळ्यांनी खोकी दाखवली. केरबाभाऊ म्हणाले, लोणावळ्याची चिक्की तर सगळी दुनिया नेती.

हौशीराम पाघळत होता. पावणेरावळे येतात, मोठी मोठी माणसं, कधी पुण्याची, कधी मुंबईची. दिवसभर ऑफिसं असतात त्यांना, चारनंतर येतात, अंधार पडायला जातात. तळं बघितलं की माणूस खुश होतो. मी विचारलं, कुठलं तळं, यादीत तर नाही. त्यावर तो हसला. गेंड्यालाही आपल्या कातडीचं ओझं वाटत असेल, याला वाटत नव्हतं.

त्या ऑफिसातलं कुणी येतं का, असं केरबाभाऊंनी सहज विचारलं.

"मला काय म्हाईत, कोण कुटल्या हापिसातलं," हौशीराम म्हणाला. "मला तर कंप्युटर उगडता बी येत न्हाई. तुमच्या पोरीला येतो. तिला इचारा."

आणि एक निरोप त्यानं आमच्या मागून फेकला. तेजलनं सुनावणीआधी चूक कबूल केली, तर तक्रार होणार नाही, फक्त नोकरी जाईल, असा त्याचा शब्द. हौशीरामाचा आणि त्या नोकरीचा काय संबंध, हे मला तेव्हा सुचलं नाही. केरबाभाऊंना सुचलं. ते वळले, आणि गच्चीवरून तळ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

साडेचार झाले होते. डोंगराची सावली पाण्यावर उतरली होती आणि तळं शाईसारखं काळं दिसत होतं.

"केरबाभाऊ," मी म्हणालो, "सावली तर पडते. म्हणजे नोंद खरीच आहे की काय?"

त्यांनी डायरीत लिहिलं: ४.३०. मला वाटलं, खटला तिथंच बुडाला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ते मला घेऊन तळ्यावर बसले. रेल्वेतलं जुनं घड्याळ आणि खडूचा तुकडा एवढंच सामान.

भागुबाई दगडांवर नाचणीचे पापड घालत होती. पंच्याहत्तरीची बाई, पाठ वाकलेली, जीभ सरळ. मला बघून म्हणाली, या माऊली, बसा, पर पापडावर सावली पाडू नका, तुमची लय मोठी पडती. मी बाजूला सरकलो. खिरापतीचं तिला कळलेलं होतं, आणि ते मला कळावं अशीही तिची व्यवस्था होती.

केरबाभाऊंनी तिला विचारलं, पापड हितंच का, घरापुढं का नाही.

"घरापुढं कुटं एवढं ऊन. सकाळधरनं दुपारपतुर हितल्यावानी ऊन गावात न्हाई. धा-अकराला पाण्याकडं बघवत न्हाई, डोळं दिपत्यात. आमची आय खणायला लागली तवा बी म्हणायची, सकाळचं डोस्क्यावर फडकं घ्या, न्हाईतर आंधळ्या व्हाल."

"आन् डोंगराची सावली?"

"ती आमाला काय कामाची. ती येती तवर पापड घरात."

मी टाळकरी माणूस, मला एवढं ऐकूनही ठेका सापडला नाही. केरबाभाऊंनी मात्र दिवसभर दर अर्ध्या तासाला उठून, डोंगराची सावली जिथवर आली तिथं दगडावर खडूनं रेघ मारून वेळ लिहिली. नऊला रेघ नाही. अकराला नाही. त्या वेळी डोंगराची सावली पलीकडे, डोंगराच्या मागच्या अंगाला पडलेली. इकडे तळं आरशासारखं पेटलेलं. बाराला नाही. दोनला नाही. चारला पहिली रेघ, दगडी पायऱ्यांवर. मग तळ्यात झुकलेल्या उंबराच्या बुंध्याशी. पाचला सगळं तळं सावलीत.

खडू खिशात टाकत ते म्हणाले, "कुणी केलं ते कळलं."

मी विचारलं, कोण. त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, पुरावा आपल्यापाशी नाही, तो त्याच्या तोंडात आहे. आणि तसला माणूस विचारून बोलत नाही. त्याला कुणी खालच्यानं चूक दाखवली, की बोलतो.

६

सुनावणी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. अधिकारी म्हणून रेणुका मॅडम आल्या होत्या, शांत, कागद नीट वाचणाऱ्या. एका बाजूला सुहास साहेब आणि स्वराज, लॅपटॉप, भिंतीवर चित्र पाडायचं मशीन. दुसऱ्या बाजूला तेजल आणि भागुबाई. त्या दोघींच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, हॉल भरलेला असून. मी एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलो. भागुबाईनं माझ्याकडे बघितलं नाही.

सुहास साहेब पाच मिनिटं बोलले. तेजलनं ती नोंद केली, पद्धत चुकली, तिच्यावर कारवाई होईल. पण तिचा निष्कर्ष मात्र योग्य होता, तिथं सावलीच आहे, डिसेंबरात थोडं डबकं साचतं ते वेगळं. म्हणजे मुलगी गुन्हेगार आणि गुन्हा बरोबर. इतकं सोयीचं वाक्य मी कुठल्या कीर्तनात ऐकलं नाही, आणि मी वाईट बुवांचीही कीर्तनं ऐकली आहेत.

केरबाभाऊ उठले. टोपी हातात, चेहरा अगदी भाबडा.

"म्याडम, मी अडाणी माणूस. पर ह्या साहेबांचं मशीन बिगाडलंय. आमच्या तळ्यावर सावली पडतच न्हाई. जन्म गेला माजा हितं."

हॉलमध्ये लोक चुळबुळले, कारण हे सरळ खोटं होतं. साहेबांनी डोळे मिटून उघडले, एखाद्या मंद मुलाला समजावावं तसं.

"आजोबा, पडते. तुम्ही लक्ष दिलं नसेल. चार वाजले की डोंगराची सावली खाली येते. आधी त्या दगडी पायऱ्या जातात, मग ते तिरकं उंबराचं झाड, आणि पाचला तर सगळं काळं. पाणी आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

"व्हय," केरबाभाऊ म्हणाले. त्यांचा भाबडेपणा एकदम गेला. "बरोबर सांगितलंत. पायऱ्या, उंबर, मग सगळं. मी खडूनं रेघा मारल्यात, जाऊन बघा. आता एक सांगा. उंबर तिरकं हाय, हे आठशे किलोमीटरवरनं दिसतं?"

साहेबांनी लॅपटॉपकडे बघितलं.

केरबाभाऊंनी स्वराजला तो डिसेंबरचा फोटो भिंतीवर पाडायला सांगितला. स्वराजनं साहेबांकडे बघितलं, मग मॅडमकडे, आणि पाडला. डोंगर होता. डोंगराची काळी सावली डाव्या हाताला, पश्चिमेकडे पडलेली. तळं उजव्या हाताला, सावलीपासून दूर, आजूबाजूला लख्ख ऊन. किती वाजताचा, असं मॅडमनी विचारलं. अकराचा, स्वराज म्हणाला. सगळेच अकराचे असतात. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, त्यानं आणखी सांगितलं: आम्ही रोज हे काम करणारे, मी किंवा तेजल, डोंगराच्या या बाजूला सावली म्हणून कधीच लिहिणार नाही. सकाळी ती इकडे पडूच शकत नाही. खोटं लिहायचं असतं तर ओलं शेत लिहिलं असतं, कुणाला शंका आली नसती.

"उपग्रह म्हणजी गाडीच," केरबाभाऊ सगळ्यांना समजेल असं सावकाश म्हणाले. "अकराला येती, जाती. चारला काय हुतं ते तिला ठावं न्हाई. मग सावली कुणाला ठावी? फोटू बघणाऱ्या पोरांना न्हाई. आमाला वस्तीला ठावी, हौशीरामाला ठावी. पर सकाळचं ऊनबी ठावं हाय, आन् कंप्युटर येत न्हाई. मग ऱ्हायला कोण? ज्यानं तळं फकस्त चारनंतर बघितलं, आन् ज्याला नोंद करता येती, पर फोटू उगडून बघायची ज्याला सवय न्हाई, असा एकच."

मला त्या पडद्यावरचा धुळीतला गणपती आठवला. वर्षानुवर्षं नुसत्या सह्या करणारा हात. आठशे किलोमीटर वरून सगळं दिसतं म्हणणारा हा माणूस, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी एकच गोष्ट बघितली, तीही हौशीरामाच्या गच्चीवरून, हातात पेला घेऊन. आणि खोटं लिहायची वेळ आली तेव्हा तीच लिहिली.

सुहास साहेब म्हणाले की हे सगळे तर्क आहेत, आपण या गावात कधीच आलेलो नाही. मॅडमनी शांतपणे विचारलं, मग उंबर?

साहेबांनी हौशीरामाकडे बघितलं. सगळ्या हॉलनं हौशीरामाकडे बघितलं. आणि आमचे माजी सरपंच, स्वतःची कातडी वाचवायला, उभे राहून बोलले.

"माज्याकडं बघू नका. सावली लिव्हा म्हून मी न्हाई सांगितलं. मी म्हणलो व्हतो, काय बी लिव्हा, पर तेवढं काढा. कोपऱ्यातला बंगला त्यांनीच मागितला, मेव्हण्याच्या नावानं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. इतक्या हलक्या माणसांनी इतकं मोठं तळं उचललं होतं, याचीच सगळ्यांना लाज वाटली असावी. मला तरी वाटली.

७

तळं यादीत परत आलं. साहेबांवर चौकशी बसली, बंगल्यांचं काम काठापासून मागे गेलं, हौशीरामाची पाटी उतरली. तेजलला ऑफिसनं परत बोलावलं. ती गेली, पण आधी अट घातली की प्रत्येकानं आपापल्या नावानं आत जायचं. यादीत नावाचा रकाना असतो, सगळ्यांनी तो रिकामा सोडलेला. सत्तेचाळीस क्रमांकापुढे तिनं लिहिलं: बयाबाईचं तळं. तालुक्याच्या नकाशात आता तसंच छापलंय.

मी खिरापत घेऊन तिच्या घरी गेलो. तेजलनं हात पुढे केला आणि घेतली, एवढं मोठं मन तिचं. भागुबाई मात्र दारातच उभी होती.

"माऊली," ती म्हणाली, "पोरीचा हात हवेत ऱ्हायला तवा तुमचा देव कुटं बगत व्हता, ते मी इचारणार न्हाई. तुमी कुटं बगत व्हता, तेवढं सांगा."

उत्तरासाठी ती थांबली नाही. आत गेली, तांब्या आणला, आणि पाणी दिलं. तळ्याचंच होतं.

गेल्या कार्तिकात भागुबाई गेली. सकाळी पापड घालून घरी आली आणि दुपारी गेली. ते पापड त्या दिवशी तेजलनं उचलले, सावली यायच्या आत.

बुवा उठले बघा, मृदंग लागला. एकच मागणं आहे. बयाबाईचं नाव नकाशावर आहे, तिची काळजी नाही. पण अकराला तळ्यावर ऊन असतं हे जिला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं, तिचं नाव कुठल्या रकान्यात नाही. तिथं कोपऱ्यात माठ आहे, पाणी त्याच तळ्याचं आहे. पुढच्या अभंगाआधी घोटभर प्या, आणि पिताना भागुबाईची आठवण काढा.